मक्याला पर्याय, पण कोंबडीला विचारून

वरण-भात हे आपल्याकडचे सर्वांत साधे जेवण. भातात जे उणे असते ते वरण भरून काढते आणि वरणात जे कमी पडते ते भात पुरवतो. ज्या कोंबडीला दुकानदार ‘बॉयलर’ म्हणतात आणि शास्त्रज्ञ ‘ब्रॉयलर’, तिचे जेवणही नेमके असेच असते. फरक इतकाच, की तिचा भात म्हणजे मका आणि वरण म्हणजे सोयाबीनची पेंड. मक्यातून तिला ताकद मिळते, पेंडीतून अंगावर मांस चढते. काश्मीरपासून केरळपर्यंत कुठल्याही पोल्ट्रीत जा, खाद्याच्या गोणीत प्रामुख्याने हीच जोडी सापडेल.

पोल्ट्रीत येते तेव्हा पिल्लू असते जेमतेम ४०-४५ ग्रॅमचे. सहा आठवड्यांच्या आत ते दोन किलोचे होते. त्यासाठी ते साधारण ३ किलो ४०० ग्रॅम खाद्य खाते. त्यात मका दोन किलोच्या आसपास, सोयाबीनची पेंड किलोभर आणि उरलेल्यात तेल, चुनखडीची पूड, मीठ, जीवनसत्त्वे वगैरे किरकोळ गोष्टी. कोंबडी वाढवायला येणाऱ्या एकूण खर्चापैकी ६० ते ७० टक्के खर्च हा असा तिच्या चोचीवाटे जातो. गृहिणीला दुकानातल्या पाटीवर कोंबडीचा भाव दिसतो. त्या भावामागे मक्याच्या आणि सोयाबीनच्या बाजारातली उलथापालथ असते, ती दिसत नाही.

आणि उलथापालथ काही थोडीथोडकी झालेली नाही. २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजार रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या हंगामाचा हमीभाव होता ३,९५० रुपये! पोल्ट्रीवाल्यांचे कंबरडे मोडले. शेवटी ऑगस्ट २०२१मध्ये केंद्र सरकारला जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड बाहेरून आणायला परवानगी द्यावी लागली. पेंडीचे हे प्रकरण मिटते न मिटते तोच मक्याची पाळी आली. डिसेंबर २०२३मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर सरकारने बंधने घातली आणि इथेनॉलचे कारखाने मक्याकडे वळले. मका निर्यात करणारा आपला देश. त्याला २०२४मध्ये म्यानमार आणि युक्रेनमधून मका आणावा लागला.

अशा वेळी साहजिकच प्रश्न पडतो, की मका आणि सोयाबीनच कशाला? आपल्या देशात ज्वारी आहे, बाजरी आहे, तांदळाची कणी आहे, भुईमूग, सरकी, मोहरी, सूर्यफूल, तीळ यांच्या पेंडी आहेत. त्या कोंबडीला घातल्या तर काय बिघडले?

बिघडत काहीच नाही. पण ‘मका महागला, घाल ज्वारी’ इतके ते सोपेही नाही.

गंमत अशी, की आज ज्यांना आपण पर्याय म्हणतो त्यातले काही पदार्थ एके काळी मुख्य होते. आपल्याकडे सोयाबीनचे पीक रुजले ते १९७०नंतर, मध्य प्रदेशात. आणि त्याची बरीचशी पेंड सुरुवातीला परदेशी जात असे. तोवर भारतातल्या कोंबड्या पोसल्या त्या शेंगदाण्याच्या पेंडीवर आणि मासळीच्या कुटीवर. शेंगदाण्याची पेंड कोंबड्यांना आवडते, तिच्यात प्रथिनेही सोयाबीनच्या पेंडीइतकीच असतात. मग ती मागे का पडली?

त्याचे एक कारण १९६० साली इंग्लंडमध्ये सापडले. त्या वर्षी तिथे नाताळसाठी वाढवलेली टर्की पक्ष्यांची पिल्ले पटापट मरू लागली. काही महिन्यांत एक लाखाहून अधिक पक्षी दगावले. रोग कुठला ते कळेना, म्हणून त्याला ‘टर्की एक्स’ असे नाव दिले गेले. तपास करता करता माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत. पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी वाढली होती आणि त्या बुरशीने सोडलेले विष पक्ष्यांच्या यकृतात भिनले होते. बुरशीच्या नावातली अक्षरे घेऊन त्या विषाचे नाव ठेवले अफ्लाटॉक्सिन.

हे विष डोळ्यांना दिसत नाही, खाद्य उकळले तरी पुरते मरत नाही. आपल्याकडे कोंबडीच्या खाद्यात एका टनामागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ते चालते. वीस मिलिग्रॅम म्हणजे मिठाची चिमूटसुद्धा नव्हे! जास्त झाले तर पक्षी मरतात. त्याहून वाईट म्हणजे कमी प्रमाणात असले तर मरत नाहीत. नुसते खुरटतात, त्यांची प्रतिकारशक्ती घटते आणि दिलेली लस नीट लागू पडत नाही. शेतकरी लसीला दोष देतो, पिल्लांना दोष देतो, हवामानाला दोष देतो. पेंडीच्या गोणीकडे त्याचे लक्ष जात नाही. ही बुरशी काही फक्त शेंगदाण्याची सोयरी नाही. पावसात भिजलेल्या, नीट न वाळवलेल्या मक्यावरही ती तितक्याच आनंदाने नांदते.

बियांचे कुलूप

कुठल्याही झाडाचे बी हे कोणी खावे म्हणून तयार झालेले नसते. ते रुजावे म्हणून असते. त्यामुळे झाड आपल्या बियांना काही ना काही कुलूप घालून ठेवते. सोयाबीनलाही ते आहे. कच्चे सोयाबीन कोंबडीला घातले तर त्यातला एक घटक पोटातल्या पाचकरसाला निकामी करतो, प्रथिने तशीच बाहेर पडतात आणि अधिक रस तयार करता करता बिचारीचे स्वादुपिंड सुजते. सोयाबीन शिजवले की ते अंगी लागते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९१७ सालीच दाखवून दिले होते. आज तेल काढल्यावर पेंड वाफेवर भाजतात ती त्यासाठीच. म्हणजे जे सोयाबीन आज आदर्श मानले जाते, तेही किल्ली सापडल्यावरच आदर्श झाले. तेव्हा बाकीच्यांना नावे ठेवण्याआधी त्यांच्या किल्ल्या पाहायला हव्यात.

ज्वारीचेच पाहा. लाल, तपकिरी ज्वारीच्या दाण्यात टॅनिन असते, तोच तुरट पदार्थ जो कच्च्या सुपारीत किंवा बाभळीच्या सालीत असतो. पाखरांनी कणसे टिपू नयेत म्हणून ज्वारीने कमावलेले हे हत्यार आहे आणि कोंबडी म्हणजे शेवटी पाखरूच! टॅनिन प्रथिनांना धरून ठेवते आणि ती पचू देत नाही. पण आपल्याकडची पांढरी ज्वारी या दोषापासून जवळजवळ मुक्त आहे. तिची ताकद मक्याच्या थोडीच खाली आणि प्रथिने मक्याहून किंचित सरस. अडचण वेगळीच आहे. सोलापूरकडची रब्बीची मालदांडी इतकी गोड भाकरी देते, की ती कोंबडीला घालणे म्हणजे पैठणीचे पोतेरे करण्यासारखे. उरते ती खरिपाची ज्वारी. दाणे भरताना पाऊस झाला की ती काळी पडते. माणसे घेत नाहीत म्हणून ती स्वस्तात पोल्ट्रीकडे येते. काळी पडलेली म्हणजे बुरशी आलेली. अशा वेळी स्वस्ताईच्या मोहात पडण्याआधी दाणे तपासून घेतलेले बरे.

बाजरीची कथा सुखाची आहे. तिच्यात टॅनिनचा त्रास नाही, मक्यापेक्षा प्रथिने जास्त, तेलही जास्त. नीट भरडून घातली तर खाद्यातला निम्मा मका ती सहज बाजूला सारू शकते. भरडणे मात्र हवे. दाणे बारीक आणि टणक असल्याने अख्खी बाजरी पिल्लांना नीट पचत नाही. तांदळाची कणीही ताकदीला मक्याच्या तोडीस तोड आहे. फक्त तिचा भाव धान्याच्या सरकारी धोरणावर आणि इथेनॉलवाल्यांच्या मागणीवर हेलकावे खातो.

या तिघींची एक गोची आहे आणि ती पोल्ट्रीत नाही, गिऱ्हाइकाच्या मनात आहे. मक्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याने कोंबडीची कातडी आणि चरबी पिवळसर दिसते. ज्वारी-बाजरी-कणीवर वाढलेली कोंबडी पांढुरकी. चवीत, पौष्टिकपणात म्हणावा असा फरक नाही, तरी पांढुरकी कोंबडी आजारी असावी असे पुष्कळांना वाटते. अंड्याच्या पिवळ्या बलकाचेही तेच. मग खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्क मिसळून हा पिवळेपणा परत आणावा लागतो. देवाला वाहायचा झेंडू असा कोंबडीच्या पोटातही जातो, हे कितीजणांना ठाऊक असेल?

पेंडींकडे वळले की कुलपे अधिक अवघड होतात. सरकीच्या पेंडीत गॉसिपॉल असते. म्हशीच्या चार कप्प्यांच्या पोटात त्याचा बराचसा निकाल लागतो, म्हणून ती सरकी खुशाल खाते आणि दूध दाट देते. कोंबडीला ते सोसत नाही. अंड्यावरच्या कोंबडीला सरकी जास्त झाली, तर साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. खाद्यात हिराकस म्हणजे लोहाचा क्षार योग्य प्रमाणात मिसळला तर गॉसिपॉल बरेच बांधले जाते. मोहरीच्या पेंडीत तिखट द्रव्ये असतात, ती गलग्रंथीला त्रास देतात. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात मोहरीच्याच कुळातली, पण हा तिखटपणा जवळजवळ नसलेली जात काढली. तीच कॅनोला. आपल्याकडे बंगाल-बिहार-राजस्थानात मोहरीचे तेल नाकात झिणझिण्या आणणारे नसले तर त्याला तेल म्हणत नाहीत. मग पेंड तरी सौम्य कुठून येणार? राजस्थानच्या गवारीची कोरमा पेंड प्रथिनांनी भरलेली असते, पण तिच्यात उरलेला डिंक पोटात फुगतो, विष्ठा चिकट होते आणि शेडमधले तूस ओले राहते. भाजलेली कोरमा थोड्या प्रमाणात चालते. सूर्यफुलाच्या पेंडीत विषबिष काही नाही, पण टरफलाचा चोथा भारी. कोंबडीचे आतडे आखूड. चोथा पचवायला तिच्याकडे ना वेळ ना सोय.

भाताच्या कोंड्यातही चोथा आहेच, शिवाय त्यातले बहुतेक स्फुरद अशा रूपात अडकलेले असते, की कोंबडीला ते सोडवता येत नाही. बहुतेक सर्वच धान्या-पेंडींत हीच रड. १९९१ साली युरोपात फायटेज नावाचे विकर बाजारात आले आणि ही गाठ सुटली. टनामागे मूठभर भुकटी मिसळली, की अडकलेले स्फुरद मोकळे होते. आज अशी विकरे आपल्याकडेही सर्रास मिळतात आणि पर्यायी खाद्य वापरू पाहणाऱ्याला त्यांचा मोठा आधार आहे.

स्वस्त गोणीचा हिशेब

समजा, ही सारी कुलपे उघडली. तरी एक गफलत होतेच. शेंगदाण्याची पेंड आणि सोयाबीनची पेंड, दोन्हींत प्रथिने ४५ टक्क्यांच्या आसपास. कागदावर सारखीच. म्हणून कोणी गोणीला गोण बदलली, तर पिल्ले मागे पडतात. कारण प्रथिने ही एक वस्तू नव्हे, वीसेक अमिनो आम्लांची ती मोळी आहे. त्यातले लायसिन सोयाबीनच्या पेंडीत पावणेतीन टक्क्यांच्या घरात, तर शेंगदाण्याच्या पेंडीत त्याच्या निम्म्याहून थोडे अधिक. विटा हजार आहेत, पण सिमेंट पाचशे विटांपुरतेच आहे, तर भिंत पाचशे विटांचीच होते. उरलेल्या विटा पडून राहतात. कोंबडीच्या बाबतीत त्या नुसत्या पडूनही राहत नाहीत. न वापरलेली प्रथिने विष्ठेतून बाहेर पडतात, शेडमध्ये अमोनियाचा वास दाटतो आणि डोळे चुरचुरतात, पक्ष्यांचे आणि माणसांचेही. यावर उपाय आहे. लायसिन आणि मिथिओनिन ही दोन्ही अमिनो आम्ले भुकटीच्या रूपात विकत मिळतात. हिशेबाने मिसळली तर तूट भरून निघते. मात्र हिशेब करायला हवा, आणि त्यात त्या भुकटीची किंमतही धरायला हवी.

पाच हजार पक्ष्यांची एक पोल्ट्री घेऊ. प्रत्येकी ३ किलो ४०० ग्रॅम धरले तर एका बॅचला १७ टन खाद्य लागते. पर्यायी माल वापरून खाद्य किलोमागे एक रुपयाने स्वस्त झाले, तर वाचले १७ हजार रुपये. ऐकायला बरे वाटते. पण समजा, ते खाद्य थोडे कमी अंगी लागले आणि एक किलो वजनासाठी १ किलो ७०० ग्रॅमऐवजी १ किलो ८०० ग्रॅम खाद्य लागले. शंभर ग्रॅमचा तर प्रश्न! पण दोन किलोच्या पाच हजार पक्ष्यांना ते एक टन जादा खाद्य झाले. किलोला ४० रुपये धरले तर ४० हजार. म्हणजे १७ वाचवायला जाऊन ४० गेले. शिवाय पक्षी दोन दिवस उशिरा तयार होतात आणि तेवढ्यात बाजारभाव उतरला, तर ते नुकसान वेगळेच. ज्याने शेडसाठी बँकेचे कर्ज काढले आहे, त्याच्या घरी असा एक हिशेब चुकला तर मुलीच्या कॉलेजची फी पुढच्या बॅचवर जाते.

या हिशेबात गेल्या दोन-तीन वर्षांत एका नव्या पाहुण्याने मोठीच खळबळ माजवली. त्याचे नाव डीडीजीएस. मका आंबवून इथेनॉल काढले, की मक्यातला पिष्टमय भाग संपतो आणि प्रथिने, तेल, चोथा मागे राहतो. तो वाळवला की झाले डीडीजीएस. शंभर किलो मक्यातून सुमारे ३८ लिटर इथेनॉल निघते आणि ३० किलोच्या आसपास हा चोथा. म्हणजे ज्या इथेनॉलने कोंबडीच्या तोंडचा मका पळवला, त्यानेच तिसरा हिस्सा परत आणून दिला. तोही तिपटीने दाट केलेल्या प्रथिनांसह. तांदळापासून केलेल्या डीडीजीएसमध्ये तर प्रथिने सोयाबीनच्या पेंडीशी बरोबरी करतात आणि भाव बराच कमी.

पण प्रथिने तिपटीने दाट होतात, तशीच विषेही होतात. कारखान्यात आलेला मका बुरशीचा असेल, तर अफ्लाटॉक्सिन इथेनॉलमध्ये जात नाही. ते सगळे चोथ्यात साठते. दुसरे म्हणजे, वाळवताना आच जास्त झाली की लायसिन करपते. चांगला माल सोनेरी पिवळा असतो, त्याला आंबूस-गोड वास येतो. कॉफीसारखा काळपट आणि करपट वासाचा माल प्रथिनांच्या चाचणीत उत्तीर्ण होतो, पण कोंबडीच्या अंगी लागत नाही. एकाच कारखान्याच्या दोन गाड्यांमध्येसुद्धा फरक पडतो. म्हणून जाणकार मंडळी मोठ्या पक्ष्यांच्या खाद्यातही डीडीजीएसचे प्रमाण पाच-दहा टक्क्यांच्या पुढे सहसा नेत नाहीत आणि लहान पिल्लांना तो देतच नाहीत.

याची आणखी एक बाजू आहे, ती पोल्ट्रीच्या बाहेरची. स्वस्त डीडीजीएस मिळू लागल्यावर सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटली. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारभाव त्याच्या खालीच रेंगाळत राहिला. भाव पडण्याची कारणे इतरही होती, पण लातूर, वाशीम, अकोल्याच्या शेतकऱ्याला त्यातले हे कारण चांगलेच झोंबले. २०२१मध्ये ज्या सोयाबीनने पोल्ट्रीवाल्याला रडवले, तेच तीन वर्षांत पिकवणाऱ्याला रडवू लागले. कित्येक गावांत सोयाबीन आणि पोल्ट्री एकाच घरात असते. तिथे एका भावाचा फायदा तो दुसऱ्या भावाचा तोटा.

मग हा सारा विचार करायचा कोणी? करारावर पोल्ट्री करणाऱ्याच्या हातात तो फारसा नाही. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी, तूस आणि रात्रीचे जागरण शेतकऱ्याचे. मोबदला मात्र किती खाद्यात किती वजन झाले यावर ठरतो. कंपनीकडे संगणक असतात, तज्ज्ञ असतात. मालाचे भाव बदलतील तसे खाद्याचे सूत्र बदलते. गोणीवर प्रथिने, चोथा, ओलावा यांचे आकडे सहसा छापलेले असतात, पण ती प्रथिने कशाची, हे शेतकऱ्याला क्वचितच कळते. खाद्य बदलले आणि वजन घटले, तर कपात त्याच्या हिशेबात येते. हे न्यायाचे नाही. सूत्र सांगू नका हवे तर, पण मोठा बदल केला एवढे तरी सांगायला हवे. करार करताना ही अट मागून घेण्याजोगी आहे.

जो स्वतः खाद्य बनवतो, त्याला स्वातंत्र्य आहे. त्याने पहिले दहा-बारा दिवस मका-सोयाबीनला हात लावू नये. पिल्लांचे पोट तेव्हा कोवळे असते आणि तेव्हा खुंटलेली वाढ नंतर भरून निघत नाही. प्रयोग करायचा तो शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत, आणि नवे खाद्य एकदम न घालता चार-पाच दिवसांत थोडे थोडे वाढवत न्यावे. आधी शंभर पक्षी जाळीने वेगळे करून त्यांच्यावर खाद्य आजमावले, तर बाकीचे सुरक्षित राहतात. मालाचा नमुना जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून किंवा खाद्य प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. धान्य बारा-तेरा टक्क्यांपेक्षा ओले नको. गोण्या जमिनीवर न टाकता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर दूर रचाव्यात.

घरामागे दहा-पंधरा गावठी कोंबड्या पाळणाऱ्या बाईला यातली बरीच काळजी नाही. तिची कोंबडी सहा आठवड्यांत दोन किलोची होणार नसते, तशी अपेक्षाही नसते. कोंडा, कणी, शेवग्याचा पाला, हौदातला अझोला, उकिरड्यावरचे किडे यावर तिचे भागते. तिनेही सांभाळावे ते एकच: बुरशी आलेला भुईमूग किंवा मका माणसांना नको म्हणून कोंबड्यांपुढे टाकायचा नाही.